डोक्याच्या टाक्यांवर पावडर टाकू का?

सिस्टर,

आम्ही कराडजवळच्या गावातले. माझ्या सासऱ्यांच्या (वय ६६, शुगर आहे) डोक्यात मेनिन्जिओमाची गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, त्याला आज अकरा दिवस झाले. पाच दिवसांपूर्वी घरी आणलं. बोलणं, चालणं, जेवण चांगलं आहे. पण घरात रोज एक नवा वाद. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय की टाके घालायच्या आधी जखमेत १ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन (अँटिबायोटिक) पावडर टाकली. आम्हाला कुणी काही बोललं नव्हतं. दुबईचे दीर म्हणतात, मेंदूत पावडर टाकतात का कुठे, जाब विचारा. गावातले मेडिकलवाले म्हणतात, आत टाकली तर बाहेरूनही चालू ठेवा, आणि निओस्पोरिन पावडरची डबी दिली. शिवाय अँटिबायोटिकची इंजेक्शनं फक्त एकच दिवस दिली, घरी एकही गोळी लिहून दिली नाही. डोक्याचा चकोटही केला नव्हता, नुसता टाक्यांपुरता पट्टा काढला. हे सगळं घाईत उरकलं का? परवा जेवणानंतरची शुगर २६४ आली. सासूबाई रोज देवाचा अंगारा लावतात, तो टाक्यांवर पडतो. शुक्रवारी टाके काढायचे आहेत. तोवर मी काय लावू?
– एक सून

ताई,

आधी शेवटच्या ओळीचं उत्तर देते, कारण शुक्रवार जवळ आलाय. काहीही लावू नका. पावडर नको, मलम नको, हळद नको, खोबरेल नको. टाके कोरडे ठेवा, हात धुतल्याशिवाय तिथे बोट लावू नका, आणि दिवसातून दोनदा खिडकीशी बसवून नीट बघा. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी स्वतः एखादं मलम लिहिलं असेल तर ते तेवढंच, तितकेच दिवस. मेडिकलवाल्या दादांचा हेतू चांगला असेल, पण त्यांनी ती जखम पाहिलेली नाही.

आता आतल्या पावडरीचं. दिरांना घाबरायचं कारण नाही, आणि जाब विचारावा असंही यात काही दिसत नाही. विचारायचं ते एवढंच, की आम्हाला आधी सांगितलं का नाही. ते जरूर विचारा. मी संसर्ग नियंत्रणाचं काम बरीच वर्षं केलं. नातेवाइकांना दोन मिनिटं उभं राहून सांगितलं असतं तर टळले असते असे वाद मी खूप पाहिलेत, माझ्या स्वतःच्या वॉर्डातसुद्धा.

पावडर टाकली कुठे, ते बघा. मेंदूवर एक जाड आवरण असतं, पांढरं, कातड्यासारखं चिवट. मेनिन्जिओमाची गाठ मेंदूवरच्या आवरणांतूनच उगवते, म्हणून गाठीबरोबर बऱ्याचदा आवरणाचा तुकडाही कापून काढतात आणि तिथे ठिगळ लावतात. ते शिवून झालं की कवटीचा काढलेला तुकडा परत बसवतात, छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी घट्ट करतात, आणि मग डोक्याची कातडी वरून ओढून घेतात. हाड आणि कातडी यांच्यामधल्या फटीत ही पावडर भुरभुरतात. म्हणजे मेंदूच्या वर आवरण, त्याच्या वर हाड, आणि त्याच्याही वर पावडर. व्हॅन्कोमायसिनची ती छोटी काचेची कुपी असते, शिरेतून द्यायला जी वापरतात तीच. पाणी न मिसळता झाकण उघडून हलक्या हाताने टाकतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

टाकायचं कारण असं. डोक्याच्या जखमेत पू होतो तो बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरच्या आणि नाकातल्या जंतूंनी. स्टॅफिलोकोकस नावाची मंडळी त्यात पुढे असतात. केसांच्या मुळांत आणखी एक सुस्त जंतू राहतो, तो तर महिन्या-दोन महिन्यांनी डोकं वर काढतो. व्हॅन्कोमायसिन या जातीच्या जंतूंवर चांगलं चालतं. शिरेतून दिलेलं औषध कातडीखालच्या त्या फटीत थोडंच पोचतं. तिथेच टाकलं तर त्या जागी त्याचं प्रमाण शेकडो पट होतं आणि रक्तात फारसं जात नाही, म्हणजे किडनीवरही ताण कमी. (हे औषध १९५० च्या दशकात बोर्निओहून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीतल्या जंतूपासून सापडलं. सुरुवातीचा माल इतका तपकिरी आणि गढूळ असायचा की त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणायचे. १९५८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आताची पावडर पांढरी असते.)

याने फायदा होतोच का? इथे मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. डोक्याच्या ऑपरेशनांत जे अभ्यास झाले त्यातले बरेच जुन्या केसपेपरांवरून मागे वळून केलेले आहेत. त्यांत पावडर टाकलेल्यांमध्ये पू कमी झाला असं वारंवार दिसतं, पण तेवढ्यावर शपथ घेता येत नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पावडर, निम्म्यांना नाही, असा मोठा अभ्यास अमेरिकेत पायाच्या हाडांवर झाला. गुडघ्याजवळची आणि घोट्याजवळची मोडलेली हाडं, ९८० रुग्ण, २०२१ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत खोल संसर्ग पावडरवाल्यांत ६.४ टक्के, बाकीच्यांत ९.८ टक्के. फरक काठावरचाच. पण ज्या जातीच्या जंतूंवर व्हॅन्कोमायसिन चालतं त्यांचा संसर्ग साधारण निम्म्यावर आला, आणि ज्यांच्यावर ते चालत नाही त्यांच्यात काडीचा फरक पडला नाही. मला हाच भाग जास्त पटतो. औषध जे करतं म्हणून सांगितलं तेच केलं, जादू केली नाही.

उलट बाजूही सांगते. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०१७ च्या मार्गदर्शनात सरळ लिहिलं, की कापलेल्या जागी संसर्ग टाळण्यासाठी जंतुरोधक मलम, द्रावण, पावडर लावू नका. म्हणून काही सर्जन टाकतात, काही टाकत नाहीत. तुमच्या सर्जननी शुगरवाला रुग्ण, आवरणाला लावलेलं ठिगळ, लांबलेलं ऑपरेशन असं काहीतरी बघून टाकली असेल. मी त्या जागी असते तर हरकत घेतली नसती.

दिरांची भीती अगदीच उगाच नाही, हेही त्यांना सांगा. उघड्या मेंदूवर अँटिबायोटिक हा खेळ नव्हेच. पेनिसिलिन नवं नवं आलं तेव्हा, १९४० च्या दशकात, ते थेट मेंदूवर घातलं की आकडी येते हे लक्षात आलं. नंतर तर प्रयोगशाळेत प्राण्यांना आकडी आणून अभ्यास करायचा असेल तर त्यांच्या मेंदूवर पेनिसिलिनच ठेवायचे. म्हणून कोणतं औषध, किती आणि कोणत्या थरात हे ठरवणारा माणूस ऑपरेशन थिएटरमध्येच असावा लागतो, आणि त्याच्यासमोर जखम उघडी असावी लागते. औषध जागेवरच ठेवण्याची कल्पना मात्र वाईट नाही. मेंदूत पाणी साठतं त्या रुग्णांना ते काढून न्यायला शंटची नळी घालतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दीड हजारावर रुग्णांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, अँटिबायोटिक मुरवलेल्या नळीत २ टक्के. पण तिथे औषध नळीतच मुरवलेलं होतं, कुणी घरी वरून शिंपडलं नव्हतं.

आणि इथेच मेडिकलवाल्या दादांचं गणित चुकतं. आत टाकली ती जखम उघडी असताना, एकदा, आणि मग कातडी बंद झाली. अकराव्या दिवशी टाक्यांच्या कडा वरून जुळलेल्या असतात. वरून टाकलेली पावडर आत जातच नाही. ती वर बसून राहते. टाक्यांच्या दोऱ्यांत घाम, जखमेतून पाझरणारं पाणी, केसांतलं तेल यात कालवली जाते आणि तिची पापडी होते.

या पापडीवर माझा राग आहे, तो का ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ टाके काढायला आले. घरच्यांनी इमानेइतबारे दोन वेळा कुठलीशी अँटिबायोटिक पावडर टाकली होती. कानामागे टाक्यांवर पिवळट पांढरा थर, वाळलेल्या पिठासारखा. बायको म्हणाली, बघा सिस्टर, किती कोरडी ठेवलीय. मी सलाइनचा बोळा ठेवून तो थर भिजवला, हळूहळू उचलला, आणि खालच्या टोकाच्या दोन टाक्यांमधून स्वच्छ पाणी आलं. थेंब. पुसलं, परत थेंब. ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. आवरण कुठेतरी गळत होतं आणि किती दिवस गळत होतं हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण पावडर ते शोषून घेत होती. मी विचारलं, उशी ओली व्हायची का? तर म्हणाली, हो, पण उन्हाळा आहे ना. त्यांना त्याच दिवशी परत भरती करावं लागलं.

पाणी गळणं हे डोक्याच्या जखमेत पू होण्याचं फार मोठं कारण. आतून बाहेर वाट झाली की बाहेरून आतही वाट होते. म्हणून मी म्हणते, टाके दिसू द्या. सासऱ्यांच्या उशीला पांढरा सुती अभ्रा घाला, रोज बदला, आणि बदलताना उजेडात धरा. मध्ये लालसर डाग आणि भोवती फिकट पाण्याचं कडं असं दिसलं तर अभ्रा पिशवीत घालून सर्जनना दाखवा. नुसतं पाणी दिसलं, खाली वाकल्यावर नाकातून पाणी टपकलं, किंवा घशात खारट पाणी उतरतंय असं ते म्हणाले, तरी त्याच दिवशी फोन करा.

निओस्पोरिनमध्ये तीन अँटिबायोटिकं असतात: निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रॅसिन. यातल्या निओमायसिनने आणि बॅसिट्रॅसिनने कातडीला ॲलर्जी होणं काही दुर्मिळ नाही. जागा लाल होते, खाजते, पाझरते. मग घरच्यांना वाटतं जखम चिघळली, म्हणून आणखी पावडर. १९९६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, कातडीच्या छोट्या ऑपरेशनांचा, ९०० वर रुग्णांचा. निम्म्यांना बॅसिट्रॅसिनचं मलम, निम्म्यांना साधं पांढरं व्हॅसलिन. संसर्ग दोन्हीकडे थोडाच आणि फरक योगायोगाचा म्हणावा इतका. ॲलर्जी बॅसिट्रॅसिनवाल्या चौघांना झाली, व्हॅसलिनवाल्या एकालाही नाही. (म्हणून आता डोक्यावर व्हॅसलिन चोळू नका हो!)

एकच दिवस इंजेक्शन दिलं यात कुणी पैसे वाचवले नाहीत की घाई केली नाही. या अँटिबायोटिकचं खरं काम पहिला छेद घेतानाच्या वेळेला असतं. ते आधीच्या तासाभरात द्यावं लागतं, म्हणजे कातडी कापताना रक्तात औषध पुरेसं असतं. ऑपरेशन लांबलं तर मध्ये आणखी एक डोस. जखम शिवून झाल्यावर पुढे चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ठामपणे सांगितलंय. पूर्वी आम्हीच पाच-पाच, सात-सात दिवस देत होतो. रुग्णाला जुलाब व्हायचे, आणि पू झालाच तर तो अशा जंतूचा की ज्याला साधं औषध लागू पडायचं नाही. तुमच्या सासऱ्यांना गोळ्या दिल्या नाहीत हे चांगल्या रुग्णालयाचं लक्षण समजा. पण आकडी येऊ नये म्हणून गोळी दिली असेल तर ती वेगळी. ती अँटिबायोटिक नव्हे, तिचा एकही डोस चुकवू नका.

चकोट केला नाही तेही बरोबरच. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे येतात आणि त्यांत जंतू घर करतात. आता केस काढायचेच नाहीत, किंवा लागतील तेवढेच मशीनने कापायचे. जुन्या नर्सेसना हे पचवायला वेळ लागला. मलाही लागला.

तुमच्या पत्रात मला खटकली ती एकच गोष्ट, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. २६४. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन (स्टेरॉइडची गोळी) दिलेलं असतं, कार्डावर बघा, बहुतेक उतरत्या डोसात लिहिलं असेल. या गोळीने शुगर चढते, आणि लबाडी अशी की सकाळी उपाशीपोटी बरी दिसते, दुपारी-संध्याकाळी वर जाते. घरात लोक सकाळचीच तपासतात आणि निश्चिंत होतात. शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, कातडी हळू भरते. वर हीच गोळी तापही झाकते. म्हणजे आत पू असूनही अंग फारसं तापत नाही. तेव्हा तीन दिवस सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासा, वहीत लिहा, आणि शुक्रवारची वाट न बघता आजच सर्जनच्या किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. शुगरच्या गोळीचा डोस कदाचित काही दिवस वाढवावा लागेल, तो त्यांनी ठरवायचा. डेक्सा मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने माणूस कोसळू शकतो. पावडरीवरून घरात जितकं भांडण झालं त्याच्या निम्मं शुगरवरून झालं असतं तर मला आवडलं असतं.

सासरे तंबाखू मळत असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या भागातल्या पुष्कळ घरांत असते म्हणून विचारते), तर टाके भरेपर्यंत ती पुडी लपवा. तंबाखूने कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि डोक्याच्या कातडीची कड नेमकी त्यांच्यावर जगते.

आता बघायचं काय. खिडकीशी बसवा, मोबाइलने रोज एकाच अंतरावरून फोटो काढा, कालच्याशी ताडून बघा. टाक्यांच्या भोवती बारीक गुलाबी रेघ असणं, थोडी खाज, जागा बधिर वाटणं, हे चालतं. लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, दाबल्यावर आधीपेक्षा जास्त दुखत असेल, पिवळं किंवा घाण वासाचं काही येत असेल, कातडीखाली मऊ फुगा वाढत असेल, तर ओपीडीचा दिवस बघत बसू नका. आणि ताप, मान ताठ होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, आकडी यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले तरी गाडी काढा, आणि जिथे मेंदूचे सर्जन आहेत तिथेच जा. टाके निघाले म्हणून लक्ष काढून घेऊ नका. खोल संसर्गासाठी अमेरिकेत अशा रुग्णांवर ९० दिवस नजर ठेवतात, आणि हाडाच्या तुकड्यातला पू त्याच्यानंतरही येऊ शकतो. तो आला तर कधी कधी तो तुकडाच काढून टाकावा लागतो आणि काही महिन्यांनी डोक्यावर नवं झाकण बसवायचं दुसरं ऑपरेशन करावं लागतं. घाबरवायला सांगत नाही. उशीरा आलेल्यांचं नुकसान जास्त होतं, एवढंच.

डोकं कधी धुवायचं ते कार्डावर असेल. नसेल तर शुक्रवारी विचारून घ्या. तोवर मानेपासून खाली आंघोळ घाला, डोक्यावर मऊ धुतलेला सुती कपडा सैल बांधा, टोपी घट्ट नको. भेटायला येणारे हमखास टाक्यांवरून हात फिरवतात, “बघू बघू किती मोठं आहे” म्हणत. त्यांना दारातच थांबवायचं काम दिरांना देता आलं असतं, पण ते दुबईत. तेव्हा नातवंडांना द्या, मुलं हे काम फार कडक करतात.

शुक्रवारी जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या: कार्ड, शुगरची वही आणि मोबाइलमधले फोटो. आणि सर्जनना शांतपणे विचारा, पावडर का टाकली. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही.

राहिला अंगारा. सासूबाईंना बंद करा असं सांगू नका, ऐकणार नाहीत, आणि अकरा दिवस त्या माउलीने काय काय बोलून ठेवलं असेल देव जाणे. अंगारा म्हणजे शेवटी राख, आणि राखेत मातीतले जंतू असू शकतात. तो कपाळाऐवजी सासऱ्यांच्या उजव्या मनगटावर लावा. सिस्टरनं सांगितलंय म्हणा.